मशीन गिऱ्हाईकासमोरच उघडायचं

माझ्या दुकानात एकच नियम होता आणि तो मी कुणालाही मोडू देत नसे. मशीन गिऱ्हाईकासमोरच उघडायचं. "ठेवून जातो, संध्याकाळी नेतो" हे माझ्याकडे चालायचं नाही. वेळ नसेल तर वेळ असेल तेव्हा या. लोक वैतागायचे. एक बाई तर मला म्हणाल्या, "आंटी, डॉक्टर भी ऑपरेशन के टाइम घरवालों को बाहर बिठाता है." मी म्हटलं, "डॉक्टर का डॉक्टर जाने, आप इधर स्टूल पे बैठो." बसल्या. सगळेच बसायचे.

नियमाला कारण होतं. आमच्या लाइनीत बदनामी फार. गेमचं मशीन बिघडून आलं की रिपेअरवाला आतला चांगला माल काढून घेतो आणि भंगार घालून देतो, अशी प्रत्येकाची पक्की समजूत. काही जण तसं करायचेही, नाही असं नाही. त्यात मी बाई. पहिल्या दिवसांत माणसं दुकानात डोकावून विचारायची, "कारागीर कुठे गेलाय?" मी सोल्डरिंगचा आयर्न हातात धरून म्हणायचे, "समोर बसलाय." मग त्यांच्या कपाळावर आठ्या. म्हणून ठरवलं, जे काही करायचं ते ह्यांच्या डोळ्यांदेखत. बघू दे काय बघायचं ते.

व्हिडिओ गेम रिपेअर करणारी बाई म्हटल्यावर अजूनही लोकांना गंमत वाटते, तेव्हा आधी तेवढं सांगून टाकते. लग्नाआधी मी अंधेरीला टीव्हीच्या कारखान्यात होते. आम्ही मुली दिवसभर बोर्डावर सोल्डर मारायचो. बारीक काम, बायकांचे हात लागतात, असं साहेब म्हणायचे आणि पगार मात्र पुरुषांना जास्त द्यायचे. कारखाना बंद पडला. ह्यांची सरकारी छापखान्यात नोकरी होती, परळच्या खोलीत दिरांचा संसार वाढला, म्हणून आम्ही मीरा रोडला आलो. तेव्हा इथे मिठागरं जास्त आणि माणसं कमी. सिल्व्हर पार्कच्या बाजूला एका सोसायटीच्या तळमजल्यावर छोटासा गाळा मिळाला. सुरुवातीला टीव्ही आणि रेडिओच दुरुस्त करत होते. मग एकेक करून गेम यायला लागले आणि पाटीवरचा रेडिओ पुसून मी तिथे गेम लिहिलं.

ते पहिले गेम आठवतात का कुणाला? प्लास्टिकचा हलका डबा, दोन वायरवाले रिमोट, आणि वरून खोचायची कॅसेट. मूळ मशीन जपानचं. आपल्याकडे आलेली बहुतेक त्याची नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं असायचं, आत लाखभर गेम आहेत. खरं म्हणजे मोजकेच असायचे, तेच नावं बदलून पुन्हापुन्हा दाखवायचे. पोरांना माहीत होतं, पण मोठा आकडा वाचूनच त्यांचं पोट भरायचं. मशीनची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जायची, आणि त्यापायी घराघरात बापलेकांची जुंपायची, कारण पोरगा खेळून उठला की बापाच्या बातम्या हलायला लागायच्या.

कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची, ही तर अख्ख्या देशाची सवय. मी पोरांना ओरडायचे, "अरे, फुंकू नका, थुंकी जाते आत, पट्ट्या हिरव्या पडतात." पोरं माझ्यासमोर मान हलवायची आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन फुंकायची. कॅसेट लागायचीही. ती फुंकरीने नाही, काढून पुन्हा नीट बसवल्याने लागायची. पण हे पटवता पटवता माझे केस पांढरे झाले, एकालाही पटलं नाही.

परदेशातून आलेल्या मशीनचा वेगळा ताप. कुणाचा तरी भाऊ अमेरिकेहून भाच्यासाठी गेम आणणार. तिथली वीज आपल्यापेक्षा निम्म्या ताकदीची. इथल्या प्लगात लावला की फट्. दारातून जळका वास आधी आत यायचा, मागून गिऱ्हाईक. मी न बघताच विचारायचे, "मामा आले का अमेरिकेहून?"

आणि ते बंदूकवाले गृहस्थ. इंद्रलोक वसाहतीत राहायचे, रिटायर्ड, शर्टाला इस्त्री. बदकं मारायच्या गेमची बंदूक घेऊन आले. म्हणाले, "नातू येतोय, त्याच्या बापाने लहानपणी हीच चालवली, आता नेम लागत नाहीय." मी उघडली, त्यांच्यासमोरच, सगळं ठाकठीक. माझ्या दुकानातल्या जुन्या टीव्हीवर लावली तर बदकं पटापट पडली. ते खूश होऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. घरी नेम लागत नाही. मला जरा राग आला, म्हटलं घरी जाऊन बघते. बघितलं तर भिंतीवर नवा कोरा चपटा टीव्ही. मी डोक्याला हात लावला. त्यांना समजावलं, की काका, ही बंदूक काही मारत नाही, ही फक्त बघते. घोडा दाबला की टीव्ही क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला तो उजेड दिसला की बदक मेलं. तुमचा नवा टीव्ही तो उजेड दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात बंदूक बघून मोकळी झालेली असते. ते बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले. मग भंगारवाल्याकडून जुना पेटीसारखा टीव्ही घेऊन आले, आणि त्यांची बायको माझ्यावर कायमची रागावली.

पुढे कॅसेट गेली, सीडीवाली मशीनं आली. ती तापली की आतला लेन्सचा रूळ झिजायचा आणि लेन्स एका बाजूला कलायची. मग घरोघरी मशीन उलटं करून ठेवायची पद्धत पडली. उलटं केलं की लेन्स आपली जागेवर. कुणी शोधून काढलं देव जाणे, पण चालायचं. नया नगरात कॉम्प्युटर गेमची पार्लरं निघाली. एका खोलीत पोरं डोक्याला डोकं लावून एकमेकांवर गोळ्या झाडत आणि तोंडाने त्याहून जास्त झाडत. तिथले कीबोर्ड माझ्याकडे यायचे, आतून वडापावची चटणी निघायची. मग चपट्या टीव्हीबरोबर मोठी काळी मशीनं आली, आत भलामोठा पंखा, इंटरनेटवरून न्यूयॉर्कच्या पोराशी खेळायची सोय. आणि शेवटी सगळे गेम मोबाइलमध्ये जाऊन बसले. मी दुकान बंद केलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वाईट वाटतं. नाही कशाला म्हणू?

दसऱ्यानंतर मला कामाची कधी कमतरता नव्हती. आपली माणसं, ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करणार. रिक्षा, शिलाई मशीन, पाना-पक्कड, आणि कॉम्प्युटर आल्यापासून कॉम्प्युटर. हळद-कुंकू कुठे लावायचं याचा पाचपोच नाही. सीए लोकांचे कीबोर्ड हळदीने चिकटलेले, कुणाच्या सीडीच्या खाचेत फूल. मी स्वतः माझ्या आयर्नची पूजा करायचे, पण कुंकू मुठीला, टोकाला नाही. मात्र इतक्या वर्षांत गेमचं मशीन कधी कुंकू लागून आलं नाही. त्याची पूजा कोण करणार? आईबापांच्या लेखी तो शत्रू होता. परीक्षेत मार्क कमी पडले की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर.

ओमकारचं मशीन आलं ते असंच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. दुकान चालू होतं त्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. नावं मी बदलली आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

ओमकार घाग माझ्यासमोर वाढलेला. सिल्व्हर पार्कमध्येच राहायचा. वडील लिफ्टचे मेकॅनिक, मूळ संगमेश्वरकडचे. आई घरी ब्लाउज शिवायची, नलिनी. माझेही ब्लाउज तीच शिवायची. बाई कामसू, कडक, आणि तोंडाने फटकळ. ओमकारला गेमचं वेड लहानपणापासून, आणि नलिनीला त्या वेडाचा तितकाच तिटकारा. मशीनला ती कधी मशीन म्हणाली नाही. डबडं म्हणायची. पोरगा बारावीला गटांगळी खाऊन आला तेव्हा तिने ते डबडं पिशवीत घालून माझ्या काउंटरवर आणून आदळलं होतं.

"ताई, हे घ्या, विका, फोडा, काय करायचं ते करा. मला घरात नको."

मी म्हटलं, "ज्याचं आहे त्याला आण. त्याच्यामागे मी घेणार नाही."

"तुम्ही पण त्याच्याच बाजूच्या. मला सांगा, खेळण्यावर कधी पोट भरतं का?"

"माझं भरतं," मी म्हटलं.

तिला काही ते आवडलं नाही. पिशवी उचलून तरातरा निघून गेली. माझा पुढचा ब्लाउज चांगला महिनाभर लटकला. नंतर कळलं, मशीन तिने फेकलं नव्हतं, वायर तेवढी सासूच्या ट्रंकेत कुलपात घातली होती.

तर त्या सकाळी ओमकार आला. आता चांगला बाप्या झालेला, दाढी राखलेली. एका हातात मशीन, टॉवेलात गुंडाळलेलं. खांद्याला मोठी बॅग, फुगलेली, चेन अर्धीच लागलेली. चेहरा बघूनच कळलं की रात्रभर झोप नाही.

"कुठे गावाला चाललायस?" मी विचारलं.

"नाही काकी. घर सोडलंय. आठ दिवस मित्राकडे, इम्रानकडे, नया नगरला. मग बघतो कुठे खोली मिळते का." त्याने मशीन काउंटरवर ठेवलं. "हे आधी बघा. आईने पाणी घातलंय ह्याच्यात. मुद्दाम."

मी त्याला स्टुलावर बसवलं. चहा सांगितला. म्हटलं, नीट सांग, घाई करू नकोस.

त्याचं म्हणणं असं. त्याला नोकरी लागली होती. मालाडला एका कंपनीत, गेम तपासायची. हे काम बाहेरच्यांना चमत्कारिक वाटेल म्हणून सांगते. नवा गेम बाजारात यायच्या आधी कुणीतरी तो हजार तऱ्हांनी खेळून बघावा लागतो. भिंतीतून माणूस आरपार जातोय का, दार उघडल्यावर पुढची खोलीच गायब आहे का, हे शोधून कळवायचं. ओमकार त्यात तरबेज. लहान होता तेव्हापासून माझ्याकडे येऊन सांगायचा, काकी, ह्या गेममध्ये अमुक ठिकाणी उडी मारली की माणूस अडकतो. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं.

"आईला सांगितलंस?"

"कुणालाच नाही सांगितलं. फक्त इम्रानला. आईला सांगून काय होणार होतं? म्हणणार, पगार देऊन खेळायला लावतो तो वेडा कोण." मग म्हणाला, "दसऱ्याला सांगणार होतो. जेवताना. श्रीखंड वाढलं की सांगू असं ठरवलं होतं."

दसऱ्याला तो उशिरा उठला. जेवण व्हायचं होतं, म्हणून तोवर मशीन चालू केलं. आतून खर्र खर्र आवाज, थोड्या वेळात टीव्हीवर गरम झाल्याची सूचना, आणि मशीन आपोआप बंद. हात लावून बघितलं तर वरून अजून ओलसर, फडक्याचे ओघळ उमटलेले. त्याने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "माझ्या मशीनला कुणी हात लावला?" नलिनी पुऱ्या लाटत होती. म्हणाली, "मी पुसलं." एवढंच. याने विचारलं, ओल्या फडक्याने का? उत्तर नाही. याने विचारलं, आजपर्यंत कधी पुसलं नाहीस, आजच का? उत्तर नाही. मग याचा तोल गेला. मागचं सगळं निघालं, ट्रंक, वायर, डबडं. म्हणाला, तुला माझं काहीही चांगलं झालेलं बघवत नाही.

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. पुऱ्या तळत राहिली. बाबा मध्ये पडले, मी त्यांनाही बोललो. कोण जेवलंच नाही." त्याने कप खाली ठेवला. "काकी, ती एकदा तरी म्हणायची ना, मी नाही केलं म्हणून. म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता."

मी खरं सांगते, मला तेव्हा त्याचंच खरं वाटलं. नलिनीला मी ओळखत होते. रागाच्या भरात ओल्या फडक्याचं पाणी मशीनवर पिळायला तिने मागेपुढे पाहिलं नसतं. भीती वाटली ती याची, की आता मी हे उघडणार, आत पाणी निघणार, आणि हा पोरगा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. एकदा बघितलं की संपलं. मग इम्रानकडचे आठ दिवस आठ वर्षं होतील. क्षणभर वाटलं, त्याला म्हणावं, तू जा, मी सावकाश बघून फोन करते. पाणी निघालं तर गुपचूप पुसून टाकीन आणि सांगेन, पंखा जुना झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडावासा वाटला.

"तू जाऊन ये हवं तर," मी म्हटलंसुद्धा. "याला वेळ लागेल."

"नको, बसतो. तुमच्याकडे समोरच उघडतात ना."

नियम माझाच. उघडायला घेतलं.

ही मशीनं उघडणं म्हणजे संयमाचं काम. स्क्रू स्टिकरखाली लपवलेले, वरचं झाकण खटक्यात अडकलेलं. आधी वीजपुरवठ्याचा भाग काढून बघितला. कोरडा. बोर्डाच्या कडा बघितल्या, पाणी गेलं असतं तर पांढरट डाग दिसतो. काही नाही. ओमकार स्टूल पुढे ओढून माझ्या खांद्यावरून बघत होता. मग पंख्याकडे आले. बोटाने फिरवला तर अर्धा फिरला आणि अडला. पात्याच्या कडेला काहीतरी लालसर अडकलेलं होतं. चिमट्याने ओढून काढलं आणि पांढऱ्या थाळीत टाकलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवात रंगलेला.

पाठोपाठ दुसरा निघाला, तिसरा निघाला, एक मोडका. खाली तळाशी झेंडूची एक पाकळी चिकटली होती, एका बाजूने तापून तपकिरी झालेली. मी एकेक काढत होते आणि थाळीत ठेवत होते. मला तर काय झालंय ते पहिल्या दाण्यालाच कळलं होतं, पण ते माझ्या तोंडून यायला नको होतं.

"अक्षता?" तो म्हणाला.

"अक्षता."

"पण आमच्याकडे ह्याची पूजा नाही होत." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "दसऱ्याला बाबांची हत्यारांची बॅग असते, आईचं शिलाई मशीन, माझी पुस्तकं. लहान होतो तेव्हा मी एकदा गेमसुद्धा नेऊन पाटावर ठेवला होता. आईने उचलून बाजूला केला. म्हणाली, खेळण्याची पूजा नसते."

मी बाजूला काढून ठेवलेलं झाकण उचलून त्याला दाखवलं. वरून सगळं पुसलेलं, पण पुढच्या कडेला, जिथे दोन भाग जुळतात त्या फटीत, हळदीची पिवळी रेघ राहिली होती. बोट शिवणकामाने कितीही सरावलेलं असलं तरी त्या फटीत फडकं जात नाही.

"मग पुसलं कशाला?" त्याने विचारलं. "करायची तर करायची ना. मला का नाही सांगितलं?"

"इतकी वर्षं डबडं म्हणाली. आता कुठल्या तोंडाने सांगणार? तू झोपलेला असताना केली असेल, आणि तू उठायच्या आत पुसून टाकली."

"आणि मी तिला म्हटलं की..." स्टुलावर दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला. मी उगीच कापसाचा बोळा घेऊन पंख्याचं पातं पुसत राहिले, पुसलेलंच पुन्हा पुसलं.

तशी बिघाडाची गोष्ट किरकोळ होती. ओल्या अक्षता वरच्या जाळीतून आत घरंगळल्या, पंख्यात अडकल्या, पंखा थांबला, मशीन तापलं आणि स्वतःला वाचवायला बंद झालं. बाकी काही जळलं नव्हतं. मी धूळ काढली, चिपवरची, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, झाकण बसवलं. चालू केलं. आवाज नाही, काही नाही, पंखा मऊ फिरायला लागला. ओमकार टीव्हीकडे बघतही नव्हता. थाळीतल्या त्या चार दाण्यांकडे बघत होता.

"ह्याचं काय करायचं? कचऱ्यात नाही ना टाकायचं?"

"नाही. तुळशीत घाल."

त्याने दाणे आणि पाकळी रुमालात बांधली आणि खिशात घातली. टॉवेलात मशीन गुंडाळलं. मग बॅगेकडे बघून म्हणाला, "काकी, बॅग इथे राहू दे का थोडा वेळ? मशीन दोन्ही हातांनी धरून न्यायला पाहिजे."

"राहू दे. ओझं कशाला वाहतोस?"

दुकानातून उजवीकडे गेलं की नया नगरचा रस्ता, डावीकडे त्यांची बिल्डिंग. मी काउंटरवरून मान वाकडी करून बघितलं. डावीकडे गेला.

दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. दोन कीबोर्ड आले, हळद लागलेले, आणणाऱ्यांना परत पाठवलं, उद्या या म्हणून. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी नलिनी आली. हातात आपट्याची पानं. दसऱ्याला यायचं राहिलं म्हणाली. पानं दिली, मी तिला पाया पडू देईना, ती पडलीच. मग कोपऱ्यातली बॅग दिसली तिला.

"ही घेऊन जायला आले," म्हणाली.

"त्याला पाठवायचंस. जड आहे."

"असू दे."

पण उचलली नाही. स्टुलावर बसली. तिला सगळं बोलून टाकायचं होतं, आणि घरात बोलता येत नव्हतं, एवढं कळण्याइतकी मी तिला ओळखत होते. मी दुसरा चहा सांगितला.

"ताई, तुम्हाला वाटलं असेल, हिला अचानक काय झालं, डबड्याची पूजा करायला लागली."

"वाटलं खरं."

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडू घेत होते. इम्रानची अम्मी भेटली. मला एकदम मिठीच मारली हो तिने. म्हणाली, भाभी, मुबारक हो, ओमकार की नौकरी लग गई, मिठाई कब खिला रही हो?" नलिनी चहाच्या कपाकडे बघत होती. "मला काही माहीत नव्हतं. कसली नोकरी, कुठे, काही नाही. तिच्या मुलाने तिला घरी येऊन सांगितलं होतं. आणि माझ्या मुलाची बातमी मला ती सांगत होती. तिच्यासमोर काय बोलणार? मी म्हटलं, हां हां, दसरे को खिलाते हैं. हसत हसत म्हटलं. मग तीच सांगत होती, गेम का काम है, बडी कंपनी है. मी आपली हो हो करत ऐकून घेतलं, जसं काही सगळं ठाऊकच आहे."

 मी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"घरी येईपर्यंत सारखं तेच डोक्यात. मला का नाही सांगितलं? मग मीच म्हटलं, कशाला सांगेल? मी काय ठेवलंय त्याच्यासाठी सांगण्यासारखं? रात्री तो झोपला, त्याचे वडील झोपले, आणि मी ठरवलं, आता पोट त्याच्यावर चालणार तर पाटावर तेही बसणार. सकाळी केली पूजा. आणि मग लाज वाटली. उठून बघेल तर काय म्हणेल? म्हणून पुसलं. मला काय माहीत आत पंखा असतो."

"मग त्याने विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस? एवढं बोलला तुला."

"सांगितलं असतं तर विचारलं असतं ना, आजच का केलीस. मग सांगावं लागलं असतं, बाजारातलं. त्याला कळलं असतं की आपल्या आईला ही गोष्ट परक्या बाईकडून कळली. फार लागलं असतं त्याला. तसा हळवा आहे तो, वरून दिसत नाही." तिने पदराने नाक पुसलं. "त्यापेक्षा बोलला ते बरं. रागाने बोललेलं निघून जातं."

ही नलिनी. इतकी वर्षं माझे ब्लाउज शिवले, आणि मला ही बाई कळलीच नव्हती.

"आणि आज? घरी आल्यावर?"

"आज आला, मशीन टेबलावर ठेवलं, म्हणाला काकींनी पंख्यातून अक्षता काढल्या, बाकी काही विचारलं नाही. पाया पडला माझ्या. उठून उभा राहिला आणि म्हणाला, आई, तुला एक सांगायचंय. मला नोकरी लागली."

"मग तू काय म्हणालीस?"

नलिनीने बॅगेचा पट्टा खांद्याला अडकवला. डोळे भरलेले होते, पण ती हसत होती.

"मी म्हटलं, अय्या, कधी?"